कमरेवरची निळी पट्टी

खो-खोत पाटीवर बसलेल्या मुलीकडे एकदा नीट पाहा. एक गुडघा छातीशी, दुसरा पाय मागे, बोटं जमिनीला टेकलेली, कंबर वाकलेली आणि मान मात्र ताठ. पाठीवर थाप पडून ‘खो’ कानावर आला की तेच अंग क्षणात सरळ होऊन धावत सुटतं. मग खांबाला हात घालून गर्रकन वळायचं, कधी सूर मारून आडवं पडायचं, उठायचं, पुन्हा खाली बसायचं. या सगळ्याचा भार कमरेच्या पाच मणक्यांवर आणि त्यांच्या दोन्ही अंगांच्या स्नायूंवर पडतो.

धाराशिवला या खेळाचं वेड जुनं आहे. इथल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हापासून जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ‘पोरगी खो-खो खेळते’ हे वाक्य अभिमानाने बोललं जातं.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका मैदानाच्या कडेला उभा होतो. सरावाआधी एक थोरली मुलगी धाकटीच्या कमरेवर निळी पट्टी लावत होती. आधी तिने कात्रीने पट्टीचे कोपरे गोल कापले, मग मागचा कागद हळूच सोलला, पट्टी कण्याच्या बाजूने वर नेली आणि तळहाताने खसाखसा चोळली. नातीला घ्यायला आलेली एक आज्जी हे सगळं टक लावून बघत होती. तिने विचारलं, “ह्याच्यात औषध असतंय का गं?” मुलगी म्हणाली, “नाही आज्जी, नुसतं कापड आन् गम.” आज्जी म्हणाली, “मग दुखायचं कसं राहतंय?”

थोरलीला उत्तर सुचलं नाही. प्रश्न मात्र इतका नेमका होता, की त्याचं उत्तर नीट मांडावं असं वाटलं. आज हा टेप मैदानाबाहेर पडून मेडिकलच्या काउंटरवर आला आहे, आणि ट्रॅक्टर चालवणारे, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, सोयाबीन काढून कंबर धरलेले असे सगळेच तो मागू लागले आहेत.

पट्टीत असतं काय

दुकानात हा रोल ‘किनेसिओ टेप’ किंवा ‘के टेप’ म्हणून मिळतो. मागताना ‘ताणला जाणारा’ असं जरूर सांगावं, नाहीतर घोटा बांधायचा पांढरा, कडक टेप हातात पडतो. दोघांची कामं उलट आहेत. कडक टेप सांधा जखडून ठेवतो, तर हा टेप अंगाला हलू देतो.

कापड सुती असतं आणि त्यात लवचिक धागे विणलेले असतात. टेप लांबीत ताणला जातो, रुंदीत नाही. पूर्ण ओढला तर मूळ लांबीच्या साधारण दीडपट होतो. मागचा गोंद अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि तो लाटांसारख्या रेघांत पसरलेला असतो. रेघांमधल्या मोकळ्या जागेतून घाम सुकायला वाट मिळते. हा गोंद अंगाच्या आणि हाताच्या उबेने चांगला धरतो, म्हणूनच लावल्यावर चोळायचं. त्यात वेदनाशामक नसतं, झंडू नसतो, काहीच नसतं. निळा, काळा, गुलाबी या रंगांनी गुणात फरक पडत नाही.

नेहमीचा रोल ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब असतो. कमरेला एका वेळी सुमारे ७० सेंटिमीटर लागतो, म्हणजे एका रोलमध्ये सात वेळा भागतं. किंमत कंपनीगणिक बरीच बदलते. महागातला टेप घामात थोडा जास्त टिकतो, पण दुखण्यावर जास्त चालतो असं नाही.

ही कल्पना जपानची. केंझो कासे या कायरोप्रॅक्टरने १९७० च्या दशकात असा टेप घडवला. तो जगभर दिसू लागला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर. बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या अमेरिकेच्या केरी वॉल्शच्या खांद्यावरची काळी नक्षी टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली आणि हे काय आहे असं लोक विचारू लागले.

आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर

मुलाचा गुडघा टेबलाला आपटला की आई तिथे हात चोळते. मार लागलेली जागा तशीच असते, तरी रडणं थांबतं. स्पर्शाच्या आणि दुखण्याच्या संवेदना वेगवेगळ्या तंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत जातात, आणि तिथे स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत क्षीण होऊन पोचतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली हा विचार मांडला. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, अशी त्यांची मांडणी होती. कमरेवरचा टेप प्रत्येक हालचालीबरोबर कातडी हलकेच ओढत राहतो. आईचा हात दोन मिनिटं फिरतो, टेप तीन-चार दिवस फिरतो असं समजा.

दुसरी गोष्ट आठवणीची. टेप लावून कोणी कमरेतून एकदम वाकायला गेलं की कातडीला ओढ बसते आणि माणूस आपोआप गुडघ्यांत वाकतो. तिसरी गोष्ट धीराची. कंबर धरल्यावर माणूस हालचालीलाच भितो, अंग आखडून धरतो, आणि आखडलेले स्नायू आणखी दुखतात. आधार आहे असं वाटलं की तो थोडा मोकळा हलतो. यातला काही भाग निव्वळ विश्वासाचा असेल, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

टेप कातडी उचलून धरतो, खाली जागा होते, रक्त खेळतं आणि म्हणून दुखणं जातं, ही मात्र विक्रेत्यांची आवडती गोष्ट आहे. ती तपासली गेली आहे. ब्राझीलमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या १४८ जणांवर प्रयोग झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ताण देऊन, कातडीवर सुरकुत्या येतील असा टेप लावला. उरलेल्यांना तोच टेप बिनताणाचा, सुरकुत्या न येणारा लावला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणजे सुरकुत्यांमध्ये जादू नव्हती.

त्याआधी २०१२ साली स्पेनमधल्या ६० रुग्णांच्या प्रयोगात आठवडाभर टेप लावलेल्यांचं दुखणं नाटकी टेप लावलेल्यांपेक्षा थोडं कमी झालं होतं. पण हा फरक इतका लहान होता, की रोजच्या जगण्यात तो जाणवेलच असं संशोधकांनाही म्हणता आलं नाही. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हाही जुन्या कंबरदुखीवर नुसत्या टेपचा भरवसा धरावा असं काही हाती लागलं नाही.

मग हा लेख कशासाठी? टेपने थोडा वेळ, थोडं हलकं वाटतं, आणि नीट लावला तर अपाय फारसा नाही. त्या हलक्या वाटणाऱ्या तीन-चार दिवसांत काय करायचं, ते महत्त्वाचं. टेप लावून तेच ओझं पुन्हा उचललं तर पैसे पाण्यात. टेप लावून चालायला आणि व्यायामाला सुरुवात केली तर त्याचं मोल वसूल झालं. मला एवढंच सांगायचं आहे, आणि पुढची सगळी माहिती त्यासाठीच आहे.

उसण, चमक आणि ‘मणक्यात गॅप’

आपल्याकडे कंबरदुखीला शब्द किती आहेत! कमरेत उसण भरते, चमक निघते, लचक भरते, शीर आखडते, कंबर धरते. उसणीवर पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायची रीत अजून आहे. मिठाचा किंवा विटेचा शेक, निरगुडीचा पाला, तव्यावर गरम केलेली रुईची पानं हेही घरोघरी चालतं. वाकताना भरलेली उसण बहुतेकदा स्नायूंची असते आणि काही दिवस ते दोन-चार आठवड्यांत आपली आपण ओसरते. त्यामुळे जो उपाय शेवटी केला त्याला यश मिळतं. टेपलाही हे लागू आहे.

या शब्दांत अलीकडे एक नवा, घाबरवणारा शब्द शिरला: ‘गॅप’. “मणक्यात गॅप पडलाय” असं कोणीतरी सांगतं आणि माणूस उरलेलं आयुष्य जपून चालतो. दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर झिजते, जसे केस पिकतात. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली. म्हणून नुसता एमआरआयचा कागद पाहून हात-पाय गाळू नयेत. रिपोर्ट आणि दुखणं यांचा मेळ बसतो का, हे तपासणारा डॉक्टर पाहिजे.

टेपआधी हे पाहा

काही कंबरदुख्या टेपच्या नाहीत, आणि त्यांत टेप लावून दिवस घालवणं महागात पडतं.

लघवी तुंबली किंवा कळायची बंद झाली, संडासवर ताबा राहिला नाही, जांघांमध्ये आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊन चप्पल गळून पडू लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. इथे तासांचा हिशेब असतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन यांची सांगड असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी लागते. आपल्याकडे हा आजार दुर्मिळ नाही आणि औषधाने बरा होतो. पूर्वी कॅन्सर झालेल्याला नव्याने कंबर दुखू लागली, किंवा साठीच्या बाईला मोरीत साधं घसरल्यावर कमरेत जबर कळ आली, तर आधी फोटो काढायचा.

कमरेच्या एका अंगाला सुरू होऊन जांघेकडे उतरणारी, माणसाला लोळायला लावणारी, मळमळ आणणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. उन्हात कमी पाणी पिऊन राबणाऱ्या आपल्या भागात ती नेहमी ‘उसण’ म्हणून अंगावर काढली जाते.

आणखी एका वर्गाबद्दल सांगावंसं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली कितीतरी माणसं ढिगाऱ्याखालून काढली गेली. त्यांपैकी जे आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्या पाठीत जुनी, नीट न तपासलेली मोड असू शकते. त्यांनी टेप विकत घेण्याआधी एकदा मणका दाखवून घ्यावा, आणि डॉक्टरांना भूकंपातल्या माराची गोष्ट आपणहून सांगावी.

बायांची कंबर आणि ‘पिशवी’

बाईने कंबर दुखते म्हटलं की घरात आणि कधी दवाखान्यातही पहिला संशय गर्भाशयावर जातो. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. पोटदुखी, अंगावरून जाणं, कंबरदुखी या तक्रारी घेऊन या बाया दवाखान्यात गेल्या होत्या. कमरेचं दुखणं स्नायूंचं असेल तर पिशवी काढून ते जात नाही. उलट टाके पुरते भरायच्या आत मोळी डोक्यावर घेतली की ते वाढतं. पाळीबरोबर येणारी किंवा अंगावरून जाण्याबरोबरची कंबरदुखी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावी. मात्र नुसत्या कंबरदुखीसाठी कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

कोणाच्या कातडीला नको

जखम, पुरळ, नायटा किंवा इसब असलेल्या जागी टेप लावायचा नाही. परकराची नाडी जिथे रोज काचते तिथे बऱ्याच बायांची कातडी काळवंडलेली, सोललेली असते किंवा नायटा आलेला असतो. नेमकी तीच जागा टेपची असते. आधी ती कातडी बरी होऊ द्यावी. दुखऱ्या जागेवर बिबा घातला असेल तर तिथली कातडी पोळलेली असते, तिथेही नको. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, टेप काढताना ती सोबत निघून येते. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेल्यांनी, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

पहिल्यांदा लावणाऱ्याने दोन बोटांचा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहावा. खाज सुटली, लाल चट्टा आला, तर टेपचा नाद सोडावा.

लावायची रीत

आपली कंबर आपल्याला दिसत नाही, तेव्हा दुसरं माणूस लागतं. पहिल्या वेळी ते माणूस फिजिओथेरपिस्ट असेल तर उत्तम. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढतानाच फिजिओथेरपीची सोय आहे का, हे विचारावं.

कातडी साबणाने धुऊन अगदी कोरडी करायची. तेल, पावडर, बाम काही नको. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करावे. वस्तरा फिरवला तर बारीक चिरा पडतात आणि गोंद झोंबतो. मग टेपचे तीन तुकडे कापायचे, दोन सुमारे २५ सेंटिमीटरचे आणि एक २० चा. रोलच्या मागे चौकटी छापलेल्या असतात, त्यावरून माप सोपं जातं. चारी कोपरे गोल करायचे. हे नटवेपणासाठी नाही, टोकदार कोपरा कपड्यात अडकून पहिल्याच दिवशी सुटतो.

आता उभं राहून दोन्ही हात टेबलावर किंवा खाटेच्या कठड्यावर टेकायचे. पहिल्या तुकड्याच्या खालच्या टोकाचा चार बोटं कागद काढून ते टोक माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर, मधल्या रेषेपासून दोन बोटं बाजूला लावायचं, अजिबात न ओढता. मग सोसेल तेवढं पुढे वाकायचं. वाकल्यावर पाठीची कातडी आपोआप ताणली जाते. त्या स्थितीत उरलेली पट्टी कण्याला समांतर, खालच्या बरगड्यांपर्यंत चिकटवत न्यायची, कागदावरून निघताना जेवढी असते तेवढ्याच ताणाने. शेवटची चार बोटं पुन्हा बिनताणाची. दुसरी पट्टी कण्याच्या दुसऱ्या अंगाला तशीच. कण्याच्या मधोमध, हाडाच्या टोकांवर पट्टी येऊ द्यायची नाही.

तिसरी पट्टी आडवी. तिचा कागद मधोमध टरकावून दोन्ही बाजूंना दुमडायचा, मधला भाग थोडा ओढायचा आणि सगळ्यात जास्त दुखतं त्या जागेवर आधी मध्य टेकवायचा. किती ओढायचं? १० सेंटिमीटरचा तुकडा फार तर साडेबारा होईल इतकं, आणि घरी एवढंच पुरे. टोकं इथेही सैल सोडायची. मग तळहाताने अर्धा मिनिट चोळायचं, आणि घाम येणारं काम किंवा अंघोळ निदान तासभर लांबवायची.

सगळ्यात जास्त चुका ओढण्यात होतात. ‘जितका घट्ट तितका गुणकारी’ असं वाटून टोकांपर्यंत टेप ताणला जातो, आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या टोकांखाली फोड येतात. टेप लावल्यावर मुंग्या आल्या, जळजळ झाली किंवा दुखणं वाढलं, तर तो ताबडतोब काढायचा. सहन करून बघू नये.

आपला उन्हाळा आणि बामची डबी

जिथे हा टेप जन्मला तिथल्या सूचनेत लिहिलेलं असतं, की पाच दिवस राहतो. धाराशिवच्या एप्रिल-मेमध्ये शेतात काम करणाऱ्या माणसाच्या कमरेवर तो दोन दिवस टिकला तरी पुष्कळ. कडा सुटू लागल्या की तेवढ्या कापून टाकाव्यात, वरून दुसरी चिकटपट्टी मारू नये. अंघोळ चालते, नंतर टॉवेलने टिपून घ्यायचं. वाळवायला गरम हवा किंवा शेक वापरायचा नाही. उष्णतेने गोंद कातडीला आणखी घट्ट बसतो आणि काढताना हाल होतात.

बामचं मात्र कळकळीने सांगतो. माझ्या चुलतीने एकदा दुहेरी गुण यावा म्हणून कमरेला भरपूर बाम चोळला, वर टेप लावून घेतला आणि रात्री त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी टेपच्या आकाराचा लाल पट्टा उठला होता, मधे पाण्याचे फोड. पंधरा दिवस तिला कुशीवर झोपावं लागलं. बाम लावायचा असेल तर बाम, शेकायचं असेल तर शेक, टेप लावायचा असेल तर टेप. एका वेळी एकच.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे काही तरुण आता निघायच्या आधी कमरेला आणि पोटऱ्यांना टेप लावून घेतात. सुमारे ४५ किलोमीटरची ती वाट. हरकत नाही, पण आदल्या रात्रीच लावावा, आणि पहिल्यांदाच लावत असाल तर यात्रेचा दिवस त्यासाठी निवडू नये.

त्या चार दिवसांत

जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे काही हाताचे उपचार, मनाला धीर देणारे उपचार आणि गरजेपुरती वेदनाशामकं यांना त्यात स्थान आहे. वर्षानुवर्षं बांधायचा कमरपट्टा आणि कमरेला वजन लावून ताण देणं यांची मात्र सरसकट शिफारस करू नये असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे किती घरांत खुंटीला तो पट्टा लटकलेला असतो!

टेपने जरा हलकं वाटलं की पहिलं काम चालण्याचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत. नव्या उसणीत एखाद-दुसरा दिवस पडून राहणं समजू शकतं. त्यापलीकडे अंथरूण धरलं की स्नायू ढिले पडतात आणि कंबर जास्तच धरते.

जोडीला तीन व्यायाम पुरतात. सतरंजीवर उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळू वर उचलायची, पाच आकडे मोजून खाली आणायची. मग एकेक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घ्यायचा. नंतर हात आणि गुडघे टेकून, लहान मूल घोडा-घोडा खेळताना होतं तसं होऊन, पाठ सावकाश वर फुगवायची आणि सावकाश खाली सोडायची. प्रत्येक आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. थोडं दुखलं तर चालतं. कळ पायात उतरली तर थांबून फिजिओथेरपिस्टला विचारायचं. टेप सुटल्यावर व्यायाम सुटला, तर महिन्याभरात माणूस पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर दिसतो.

मोळीचं ओझं

हे सगळं लिहिताना कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमाराला टोळीने निघणारी माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटे फडात उतरायचं, बुडातून ऊस तोडायला दिवसभर कमरेत वाकायचं, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरला जातो. अशा बाईला ‘वजन उचलू नका’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

त्या माणसांच्या कमरेला टेप लावून कामावर पाठवण्यात मला धोका दिसतो. दुखणं ही सूचना असते. ती दाबली आणि ओझं तेवढंच ठेवलं, तर दुखापत खोल जाते. त्यापेक्षा थोडे बदल उपयोगी पडतात. मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात हे खरं, पण कमरेवरचा एका वेळचा भार उतरतो. मोळी जमिनीवरून डोक्यावर एकटीने न घेता दोघांनी द्यावी. उचलताना मोळी अंगाजवळ घेऊन गुडघ्यांतून उठावं, आणि डोक्यावर ओझं असताना कमरेतून वळण्याऐवजी पाय फिरवून वळावं. तोडताना तासा-दीड तासाने दोन मिनिटं उभं राहून, कमरेवर हात ठेवून मागे झुकावं. दिवस गेलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या बाईला फळीवर चढवू नये, तिला वाढे गोळा करायला किंवा मोळ्या बांधायला ठेवावं. हे ठरवणं टोळीच्या मुकादमाच्या आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या कारखान्याच्या हातात आहे, आणि ते करायला एक रुपयाचाही टेप लागत नाही.

काढताना

टेप फाडून काढायचा नसतो. झटक्यात ओढला की केसांबरोबर वरची कातडीही सोलवटते. अंघोळीच्या वेळी तो चांगला भिजू द्यावा किंवा वरून खोबरेल चोळून दहा मिनिटं थांबावं. मग वरच्या टोकाकडून, केसांच्या दिशेने, एका हाताने कातडी दाबून धरत दुसऱ्या हाताने टेप तिच्यालगत मागे दुमडत न्यायचा. गोंदाचे ठिपके राहिले तर त्यांवर तेलाचं बोट फिरवावं. पुन्हा लावायचा असेल तर कातडीला निदान एक दिवस मोकळा द्यावा.

मैदानावरच्या त्या धाकटीचा टेप चौथ्या दिवशी सुटायला आला होता. सराव संपवून ती पायरीवर पालथी पडली. त्या दिवशी आज्जीने येतानाच वाटीत तेल आणलं होतं. नातीला शेजारी बसवून तिने त्या मुलीच्या कमरेवर, पट्टीच्या कडेकडेने, बोटाने तेल सोडायला सुरुवात केली.